चित्रातल्या मुलींचे ओठ

व्हॅनवाल्याने हॉर्न दाबून धरला होता आणि माझी मुलगी रस्त्याच्या मधोमध चालत होती. दचकली नाही, पळाली नाही. आयर्लंडमधल्या नावन गावात आमच्या वसाहतीच्या तोंडाशी जो राउंडअबाउट आहे तिथे गाड्या कशा वळतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि निहारिका तर चौदा वर्षांची घोडी. मी पलीकडच्या फुटपाथवर, दोन्ही हातांत सामान. तिने मान वळवली, पण तीही उलट्या बाजूला, जणू ती व्हॅन बघण्याच्या लायकीचीच नव्हती. व्हॅन तिच्यापासून हातभरावर थांबली. चालक काच खाली करून काहीबाही बोलला. हिने त्याच्याकडे थंडपणे पाहिलं, हात किंचित उचलला, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आय अ‍ॅम ग्रँड."

इथे सगळंच ग्रँड असतं, म्हणजे ठीक. पाऊस ग्रँड, ताप ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. मला संताप आला की मी मागचापुढचा विचार करत नाही. भर रस्त्यात तिच्या कानांवरचे ते भलेमोठे हेडफोन मी ओढून काढले आणि अस्सल पुणेरी मराठीत तिची अशी खरडपट्टी काढली की समोरून येणाऱ्या बाईने कुत्र्यासकट रस्ता बदलला. निहारिका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

घरी आल्यावर हेडफोन प्रेसमध्ये टाकले. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्यातही पार मागे, पिठांच्या डब्यांच्या आड. राग ओसरल्यावर खाली जी उरली ती भीती होती. गाडी अंगावर येत असताना जे पोर पळत नाही, त्याला जगायचं तरी आहे ना, असं माझ्या मनात आलं. एकदा आलं आणि मग जाईना.

सुश्रुत, माझा नवरा, डब्लिनला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळच्या बसने जातो, संध्याकाळी दमून येतो. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, वयच तसं आहे. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण वय हेच आहे. मी घरूनच काम करते, टेस्टर म्हणून. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय मोडतंय ते शोधून काढायचं. त्यामुळे 'असंच होतं' हे उत्तर मला चालत नाही. काय बिघडलंय ते सापडेपर्यंत मी स्वतःलाही छळते आणि घरच्यांनाही.

आणि बिघडलं तर होतंच. घर डोक्यावर घेणारी मुलगी वर्षभरात हळूहळू गप्प झाली होती. हाक मारली तर ओ नाही. जेवायला बोलवायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागायचं. मी ओट्याशी उभी राहून तिला शाळेचं, मैत्रिणींचं विचारत राहायची, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. उत्तर आलंच तर इंग्रजीत, दोन शब्दांत. नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की ही गोड हसायची, मान हलवायची आणि फोन बापाच्या हातात द्यायची. "काहून गं देवयानी, पोरगी बोलत नाही? मराठी विसरली का?" सासूबाईंनी एकदा विचारलं. मला ते झोंबलं, कारण मला ते पटलं.

इथल्या आम्हा सगळ्या मराठी घरांत हा एकच धसका असतो. पोरांना ताप जरी आला तरी आम्हाला आधी वाटतं, मराठी कमी पडलं असेल.

मग शाळेतून फोन आला. मिसेस फॅरेली म्हणून तिच्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षिका आहेत. त्या आधी पावसाबद्दल बोलल्या, मग निहारिका किती गोड मुलगी आहे ते सांगितलं. इथे वाईट बातमी अशीच गुंडाळून देतात. मग हळूच म्हणाल्या की ती वर्गात उत्तरं देत नाही, नाव घेतलं तरी खिडकीबाहेर बघत बसते, आणि काही शिक्षकांना तो उद्धटपणा वाटतो. घरी तुम्ही दुसरी भाषा बोलता, तर तिला इंग्रजी जड जातं का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाई, तिला इंग्रजीच येतं, जड जातं ते मराठी. म्हणजे शाळेला वाटत होतं आमच्या मराठीने घात केला आणि मला वाटत होतं त्यांच्या इंग्रजीने. दोघीही अगदी सभ्यपणे एकमेकींवर ढकलत होतो.

शेवटी मी क्लोडाला गाठलं. चार घरं सोडून राहते, निहारिकाची एकुलती एक उरलेली मैत्रीण. थालीपीठ आणि लोणी समोर ठेवलं की ती पोर काहीही सांगते. निहारिका वर तिच्या खोलीत होती. क्लोडा बोटं चाटत म्हणाली, तुम्ही उगाच काळजी करता, निहारिका कूदेरे आहे, हे अख्ख्या वर्गाला माहीत आहे.

हा आजार आहे का, असं मी विचारलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने मला समजावून सांगितलं. जपानी अ‍ॅनिमेत आणि मांगात, म्हणजे त्यांच्या चित्रफितींत आणि चित्रकथांत, मुलींचे ठरलेले प्रकार असतात. त्सुंदेरे ती, जी वरून फटकळ आणि आतून मऊ. सारखी भांडते, पण तिचं प्रेम असतं. दांदेरे म्हणजे लाजाळू, चारचौघांत तोंड उघडत नाही, योग्य माणूस भेटला की बोलते. यांदेरे प्रेमापायी वेडी होते, वेळ पडली तर चाकू काढते. आणि कूदेरे म्हणजे थंड. चेहऱ्यावर रेषा हलत नाही, कुणी काही म्हटलं तरी फरक पडत नाही, गरजेपुरतंच बोलते. त्यांच्या गटातल्या सगळ्या मुलींनी आपापला प्रकार ठरवून घेतला होता, शिक्षकांचेही ठरवले होते. मी कोण, असं विचारायचा मोह मला आवरला नाही. ती म्हणाली, तुम्ही त्सुंदेरे, त्यात शंकाच नाही. तिचं चौथं थालीपीठ मी तव्यावरच ठेवलं.

"सगळ्यांना कूदेरेच व्हायचं असतं," क्लोडा म्हणाली. "पण जमत नाही. आम्ही हसतो, आम्हाला राग येतो. निहारिकाला मागून कुणी काही बोललं ना, तर ती वळूनसुद्धा बघत नाही. डेडली आहे ती, एकदम भारी."

ती गेल्यावर मी काम बाजूला ठेवून इंटरनेटवर हेच वाचत बसले. माझ्या माहेरी अशा मुलीला एका शब्दात घुमी म्हणायचे आणि विषय संपायचा. स्थळ आलं की तीच घुमी 'शांत स्वभावाची' व्हायची. प्रकार पाडायला आम्हाला जपानची गरज कधी पडली नाही. पण तिथे पुढे आणखीही लिहिलं होतं. अशा मुलीच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं म्हणे, कुणी मेलेलं असतं, कुणी फसवलेलं असतं, आणि मग ती भावनाच बंद करून टाकते. मन चिंती ते वैरी न चिंती. निहारिकाला कुणी काही केलं का? कुणी मोठ्या माणसाने? शाळेत? बसमध्ये? मी तिला समोर बसवून विचारलं, शब्द जुळवत, घाबरत. ती म्हणाली, ग्रँड, आई, सगळं ग्रँड. आणि माझ्या चेहऱ्याकडे असं बघत राहिली की जणू परीक्षा माझीच चालली आहे.

डब्लिनला शनिवारची मराठी शाळा चालवणाऱ्या शुभदाताईंना मी फोन केला. त्यांनी ठामपणे सांगितलं की मूळ दुखणं भाषेचं आहे, मुलं दोन भाषांच्या मध्ये लोंबकळतात आणि मग गप्प होतात. घरात इंग्रजी बंद करा, ती जपानी सोंगं आधी बंद करा. मला बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं. त्याच दिवसापासून घरात फक्त मराठी. इंग्रजीत उत्तर दिलं तर मी ऐकूनच घेत नसे.

झालं उलटंच. आधी दोन शब्द तरी यायचे, ते बंद पडले. ती ज्यावर अ‍ॅनिमे बघायची तो लॅपटॉप काढून घेतला तेव्हा मात्र ती हादरली. आठवडाभर माझ्या मागे फिरली, भांडी घासली, बापाकडे वशिला लावला. सुश्रुत म्हणाला, अगं, तेवढंच एक तिला आवडतं, तेही नको? मग मी तोडगा काढला. रविवारी दुपारी अ‍ॅनिमे बघायचं, पण खाली बैठकीत, टीव्हीवर, माझ्याबरोबर. काय बघते ते तरी कळेल.

तर रविवारी आम्ही मायलेकी सोफ्यावर बसलो. बाहेर पाऊस, सुश्रुत वर झोपलेला. गोष्ट एका शाळेतल्या मुलींची होती. भाषा जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं भराभरा पळणारी. मला चष्मा लावूनही झेपेना. चित्र बघावं तर वाक्य जातं, वाक्य वाचावं तर चित्र जातं. निहारिका मात्र पाय वर घेऊन, गालावर हात ठेवून मजेत बघत होती. हसण्याच्या जागी माझ्या आधी हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला तशी पाहत होते.

मी रिमोट उचलला. इंग्रजी आवाजाची सोय आहे हे मला सापडलं. शोधणं हा माझा धंदाच. जपानी बदलून इंग्रजी लावलं आणि खालची अक्षरं बंद करून टाकली. म्हटलं, हे बरं, आता दोघींनाही कळेल. पडद्यावर एक लाल केसांची मुलगी आपल्या मास्तरांची नक्कल करत होती, मला खरंच हसू आलं. मी निहारिकाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी हसतेय हे पाहून मग ती हसली.

पुन्हा एक विनोद झाला, पुन्हा तसंच. आधी माझा चेहरा, मग तिचं हसू.

मी विचारलं, काय म्हणाली गं ती आत्ता? निहारिकाने रिमोट माझ्या हातातून हिसकावला. तिला बटण सापडेना, ती दिसेल ते दाबत सुटली. मी म्हटलं, अगं, इंग्रजीच तर आहे, तुझीच भाषा. तेव्हा ती रडायला लागली. व्हॅन अंगावर आली तेव्हा न रडलेली माझी मुलगी, कार्टूनखालची अक्षरं गेली म्हणून हुंदके देऊन रडत होती.

"त्यांचे ओठ खोटे असतात," ती म्हणाली. बोलली इंग्रजीतच, मी ते मराठीत सांगते आहे. "तुझे ओठ मला वाचता येतात. बाबाचे येतात, क्लोडाचे येतात. ह्यांचे नुसते उघडतात आणि मिटतात. अक्षरं लाव ना परत."

मी पडद्याकडे पाहिलं. लाल केसांच्या मुलीचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. वाक्य कोणतंही असो, तोंड तेच.

मी अक्षरं लावून दिली. मग रिमोट घेऊनच उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दाराशी उभी राहिले. तिची पाठ माझ्याकडे होती. मी टीव्हीचा आवाज बंद केला. तिला पत्ता लागला नाही. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, निहारिका. मग जरा मोठ्याने. मग गच्चीवरून रस्त्यावरच्या माणसाला मारतात तशी हाक मारली. वर सुश्रुत दचकून उठल्याचं मला ऐकू आलं. निहारिकाने मान वळवली, आणि ती खिडकीकडे बघू लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी, घरात वर्षभर भाषेला शिव्या देत बसले होते. बोलायचं ते सगळं ओट्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्या दुपारी ती थोडंथोडं बोलली. आवाज येतो, पण जाडाभरडा, त्यात शब्द नसतात. गेल्या वर्षी एका कानाने सुरुवात झाली, मग दुसऱ्याने. हेडफोनमध्ये काहीच लावलेलं नसायचं. ते घातले की लोकांना वाटतं ही गाणी ऐकतेय, म्हणून उत्तर देत नाही. सुश्रुतने कळवळून विचारलं, बाळा, आम्हाला का नाही सांगितलंस?

"ऐकू येत नाही म्हटलं की सगळ्यांना कीव येते," ती म्हणाली. "कूदेरे असलं की वाटतं, मीच ठरवलंय."

मी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या केसांत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटले. मग लक्षात आलं, हे तिला कळणारच नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आमच्या डॉक्टरांनी कानात बघून मलिंगार गावातल्या एका खाजगी कानतपासणीच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली, पण तारीख मिळेपर्यंत थांबायचं होतं. रोज सकाळी निहारिका शाळेत जायला निघाली की मी कोपऱ्यापर्यंत मागे जायची, तिला कळू न देता. रोज मला वाटायचं, आज कालच्यापेक्षा कमी ऐकू येतंय. ती मात्र एकाच गोष्टीवर अडून बसली होती: शाळेत सांगायचं नाही. मिसेस फॅरेलींना नाही, क्लोडाला तर नाहीच नाही. आपलं ऐकणं तसं ठीक आहे, कधीकधीच त्रास होतो, असं आता म्हणू लागली. शेवटी मी कबूल केलं की तपासणी बरी आली तर कुणाला काही सांगणार नाही. खरं सांगायचं तर हा सौदा मलाही हवा होता. बरी येईलही, असं मला वाटून घ्यायचं होतं.

मलिंगारला आम्ही दोघीच गेलो. जाड दाराची, कापडी भिंतींची एक लहानशी खोली, समोर मोठी काच आणि काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत तपासणाऱ्या बाई. निहारिकाच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, एवढंच. मला तिच्या मागच्या कोपऱ्यात खुर्ची दिली आणि बजावलं, बोलू नका, हलू नका.

सुरुवातीला निहारिका भराभर बटण दाबत होती. मग बाई हसल्या, आणि तिला नीट दिसेल असं तोंड करून म्हणाल्या, तू माझा खांदा हलला की दाबते आहेस, हुशार आहेस. त्यांनी तिचे हेडफोन काढायला लावले, स्वतःची खुर्ची बाजूला सरकवली, काचेतून दिसेनाशा झाल्या, आणि आता आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येऊ लागला. तो मलाही ऐकू येत होता. टूं. निहारिकाने दाबलं. थोड्या वेळाने बारीक, वरच्या पट्टीतला टूं. दाबलं. माझ्या छातीवरचा दगड हलला. पुन्हा टूं, पुन्हा दाबलं. मी मनातल्या मनात गणपतीला नवस बोलायला सुरुवात केली.

मग माझी नजर समोर गेली. पलीकडे अंधार असल्यामुळे काचेत आमचीच खोली दिसत होती. कोपऱ्यात बसलेली मी दिसत होते. टूं झालं आणि माझ्या भुवया वर गेल्या. मी त्या जाताना पाहिल्या. निहारिकाचे डोळे काचेतल्या माझ्या चेहऱ्यावर होते. तिने बटण दाबलं.

माझ्या चेहऱ्यावर काहीही लपत नाही. माझी आई म्हणायची, देवयानीच्या तोंडावर सगळी बातमी छापलेली असते. तिला माझा चेहरा वाचायला कान लागत नव्हते.

मी तिच्याकडे पाहतेय हे तिला दिसलं. ती काचेत अगदी थोडंसं हसली. बाईंच्या काही लक्षात आलं नव्हतं. मी नुसती बसून राहिले असते तरी पुरे होतं. तपासणी बरी आली असती, शाळेत काही सांगावं लागलं नसतं, वर्गातल्या मुली तिच्या थंडपणावर अशाच जीव टाकत राहिल्या असत्या. तिला जे हवं होतं ते तिला देणं माझ्या हातात होतं, आणि तिला काही नाकारण्याची मला त्या क्षणी अजिबात इच्छा नव्हती. पण मी नसेन तिथे हिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

मी उठले, खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

टूं. मागे काही वाजलं नाही. मग त्याहून मोठा. मग इतका मोठा की माझ्याच कानाला बोचला. मागे बटणाचा खटका नाही. मी साडीचा नव्हे, जॅकेटचा कोपरा तोंडात धरला होता, हुंदका बाहेर पडू नये म्हणून.

मग तिचा आवाज आला, अगदी हळू, मराठीत.

"आई, इकडे बघ ना."

मला स्वच्छ ऐकू आलं. मी वळले नाही.